न्यू जर्सीतील नर्सिंग होम निवडताना सरकारी तपासणी अहवाल कसा वाचावा?

शेवंती

नमस्कार. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. गेल्या आठवड्यात त्या न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली, पण घरी नेण्यापूर्वी काही आठवडे नर्सिंग होममध्ये (इकडे वृद्ध आणि आजारी माणसांच्या निवासी सेवाकेंद्राला असे म्हणतात) ठेवून त्यांच्याकडून चालण्याचा सराव करून घ्यावा, असे डॉक्टरांचे स्पष्ट मत आहे. रुग्णालयात डिस्चार्जचे काम पाहणाऱ्या बाईंनी काल पाच ठिकाणांची यादी हातात दिली आणि परवा दुपारपर्यंत त्यातली दोन नावे कळवायला सांगितले.

मेडिकेअर या अमेरिकी सरकारच्या आरोग्यविमा योजनेच्या संकेतस्थळावर या पाचही ठिकाणांचे तारे (एक ते पाच, जास्त तितके चांगले) पाहिले आणि त्यातली घरापासून जवळची दोन निवडली. पहिल्या ठिकाणाला एकंदर चार तारे आहेत: तपासणीला तीन, मनुष्यबळाला तीन आणि गुणवत्तेच्या निकषांना पाच. दुसऱ्याला एकंदर तीनच तारे आहेत, पण तिथे मनुष्यबळाला चार असून तपासणी आणि गुणवत्ता या दोन्हींना तीन-तीन आहेत. त्यानंतर दोन्हींचे तपासणी अहवाल उघडले आणि माझा गोंधळ आणखी वाढला. पहिल्या ठिकाणी सहा त्रुटी नोंदवल्या आहेत, दुसऱ्या ठिकाणी अकरा. प्रत्येक त्रुटीपुढे ‘एफ’ने सुरू होणारा एक क्रमांक आणि एक इंग्रजी अक्षर दिले आहे. पहिल्या ठिकाणी ‘एफ-६८६’पुढे ‘जी’ आहे, दुसऱ्या ठिकाणी सगळीकडे ‘डी’ आणि एका जागी ‘ई’ आहे. साध्या गणिताने सहा त्रुटींचे चार तारे असलेले ठिकाण बरे ठरते, पण त्या ‘जी’खालचा मजकूर वाचल्यापासून मला झोप लागलेली नाही.

सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत. त्यांना मराठी आणि थोडे हिंदी येते, इंग्रजी जवळजवळ येत नाही. मनातली एक गोष्टही मोकळेपणाने लिहिते. काही आठवडे म्हणून गेलेले वृद्ध तिथेच राहून गेल्याचे आम्ही ऐकले आहे, आणि भारतातल्या नातेवाइकांच्या तोंडी ‘आईला तिकडे टाकले’ हे वाक्य आत्ताच येऊ लागले आहे. माझ्या यजमानांना ते फार लागते. म्हणून जे करायचे ते डोळसपणे करायचे आहे. हे अहवाल कसे वाचावेत आणि प्रत्यक्ष भेटीत काय पाहावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुनी_परिचारिका

शेवंतीताई, मी याच राज्यात २६ वर्षे परिचारिका म्हणून काम केले आणि त्यातली ११ वर्षे नर्सिंग होममध्ये काढली. ‘स्टेट आले’, म्हणजे राज्याचे तपासनीस आले, असे दोन शब्द कानावर पडले की संपूर्ण इमारतीची चाल कशी बदलते, हे मी आतून पाहिले आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या सगळ्याचा पाया १९८७ चा नर्सिंग होम सुधारणा कायदा आहे. त्याच्या आदल्या वर्षी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने नर्सिंग होममधील निकृष्ट सेवेवर अहवाल दिला होता आणि त्यातल्या शिफारशींवर हा कायदा उभा राहिला. त्यापूर्वी संस्थेकडे सोयी आहेत की नाहीत यावर तपासणीचा भर असे. या कायद्याने प्रश्नाचा रोखच बदलला. प्रत्येक निवासी व्यक्तीला शरीराने आणि मनाने शक्य तितक्या चांगल्या अवस्थेला पोहोचता यावे आणि त्या अवस्थेत टिकून राहता यावे, यासाठी संस्था काय करते, हे आता पाहिले जाते. तुम्ही वाचत असलेली प्रत्येक त्रुटी याच कसोटीवर लिहिलेली असते.

तपासणी केंद्र सरकारच्या वतीने राज्याचे आरोग्य खाते करते. ती पूर्वसूचना न देता होते, दोन तपासण्यांमध्ये १५ महिन्यांहून अधिक अंतर पडू नये आणि राज्याची सरासरी १२ महिन्यांची असावी, असा नियम आहे. कोव्हिडच्या काळात तपासण्या तुंबल्या आणि कित्येक ठिकाणी हे अंतर बरेच वाढले, त्यामुळे अहवालाची तारीख आधी पाहा. तपासनीसांचा चमू काही दिवस इमारतीत असतो. ते निवासींशी बोलतात, जेवणाच्या वेळी जेवणघरात थांबतात आणि औषधे देणाऱ्या परिचारिकेच्या मागे उभे राहून किमान २५ औषधे देताना पाहतात. त्यात चुकांचे प्रमाण पाच टक्के किंवा त्याहून अधिक भरले, तर ती त्रुटी ठरते. माझ्या खांद्यामागे उभे राहून तपासनीस बाई वहीत टिपत असताना, थेंबांच्या दोन औषधांमध्ये किती मिनिटे थांबायचे हे मला त्या दिवशी जितके लख्ख आठवले तितके एरवी आठवत नसे, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

आता त्या अक्षरांकडे वळते, कारण सर्वांत महत्त्वाचे तेच आहे. ‘एफ’चा क्रमांक नियम कोणता मोडला ते सांगतो, आणि पुढचे अक्षर त्याचा परिणाम किती गंभीर होता व तो किती जणांपर्यंत पोहोचला हे सांगते. ‘ए’ ते ‘सी’ या किरकोळ बाबी असतात. ‘डी’, ‘ई’, ‘एफ’ म्हणजे प्रत्यक्ष इजा झाली नाही, पण होण्याची शक्यता होती. ‘जी’, ‘एच’, ‘आय’ म्हणजे प्रत्यक्ष इजा झाली. ‘जे’, ‘के’, ‘एल’ म्हणजे जिवावर बेतेल किंवा गंभीर दुखापत होईल असा तातडीचा धोका. प्रत्येक तिकडीतले पहिले अक्षर एखाद्या व्यक्तीपुरती घडलेली घटना दाखवते, दुसरे वारंवार दिसणारा प्रकार आणि तिसरे सर्वत्र पसरलेला दोष. म्हणून त्रुटींची निव्वळ बेरीज करू नये. अकरा ‘डी’ आणि पाच ‘डी’ व एक ‘जी’ यांत मला आधी तो ‘जी’ दिसतो.

‘एफ-६८६’ हा शय्याव्रणांचा, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांचा नियम आहे. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या, स्वतःहून कूस बदलता न येणाऱ्या माणसासाठी याच्याइतका जवळचा नियम दुसरा नाही. अशा नोंदी कशा लिहिलेल्या असतात ते पाहा. अमुक क्रमांकाची निवासी व्यक्ती सकाळी नऊला पाठीवर होती, साडेअकराला त्याच स्थितीत होती, दुपारी दीडलाही त्याच स्थितीत होती आणि दर दोन तासांनी कूस बदलली अशी नोंद मात्र कागदावर होती. तुमच्या अहवालात नेमके हेच असेल असे मी म्हणत नाही, पण असे काही असेल तर दोन गोष्टी शोधा. जखम नर्सिंग होममध्ये आल्यावर झाली की रुग्णालयातूनच घेऊन आली होती, आणि ती वाढत असताना डॉक्टरांना किती दिवसांनी कळवले. माझ्या अनुभवात माणसे कमी असल्यामुळे जखम होते, आणि ती चिघळते ती कोणी कोणाला सांगितले नाही म्हणून.

ताऱ्यांचा हिशोबही समजून घ्या. एकंदर तारे तपासणीच्या ताऱ्यांपासून मोजायला सुरुवात होते. मनुष्यबळाला पाच तारे असतील तर एक वाढतो, एकच असेल तर एक कमी होतो, आणि गुणवत्तेच्या निकषांनाही हाच नियम लागतो. तुमच्या दोन्ही ठिकाणांना तपासणीचे तीन-तीनच तारे आहेत. पहिल्याचा चौथा तारा केवळ गुणवत्तेच्या पाच ताऱ्यांमुळे आला आहे, आणि त्या निकषांतला मोठा भाग संस्थेने स्वतः भरून पाठवलेल्या माहितीवर आधारलेला असतो. ती माहिती भरण्याचे काम मी चार वर्षे केले आहे. बहुतेक जण ते सचोटीने करतात, पण एखादी पडझड ‘गंभीर दुखापत’ या रकान्यात टाकायची की नाही हे ठरवणारा माणूस त्याच संस्थेचा पगार घेत असतो. मनुष्यबळाचे आकडे मात्र पगारपत्रकावरून घेतले जातात, त्यामुळे त्यांवर माझा अधिक विश्वास आहे. दुसऱ्या ठिकाणाचे चार तारे तिथले आहेत, पण पाच नसल्यामुळे ते एकंदर बेरजेत दिसतही नाहीत.

आणखी एक गोष्ट. तपासणीचे तारे राज्यातल्या राज्यात तुलना करून देतात. वरच्या दहा टक्के संस्थांना पाच आणि खालच्या वीस टक्क्यांना एक तारा मिळतो, उरलेल्या मधल्या तीन पायऱ्यांवर विभागल्या जातात. त्यामुळे पेनसिल्व्हेनियातल्या चार ताऱ्यांशी इथल्या तीन ताऱ्यांची तुलना करू नका. नात्यातले कोणी तसे सुचवतील म्हणून आधीच सांगून ठेवते.

रविवारचा_पाहुणा

वरील प्रतिसादात अहवालाचे वाचन उत्तम समजावले आहे. मी निवृत्तीनंतर काही वर्षे राज्याच्या ओम्बड्समन (निवासींच्या तक्रारींची दखल घेणाऱ्या) कार्यालयाचा स्वयंसेवक म्हणून एका नर्सिंग होममध्ये नियमित जात होतो. आम्ही तपासनीस नव्हतो आणि दंड करण्याचा अधिकारही आम्हाला नव्हता. निवासींचे ऐकून घ्यायचे आणि त्यांची संमती असेल तर त्यांची तक्रार संस्थेकडे किंवा वरती न्यायची, इतकेच आमचे काम होते. त्या अनुभवातून प्रत्यक्ष भेटीविषयी लिहितो.

सकाळी अकराला, प्रवेशाचे काम पाहणाऱ्या व्यक्तीबरोबर ठरवून केलेली फेरी अवश्य करावी, पण तेवढ्यावर निर्णय घेऊ नये. त्याच दिवशी संध्याकाळी साडेसहानंतर किंवा रविवारी पुन्हा जावे. दर्शनी भागात त्या दिवशीच्या मनुष्यबळाचा कागद लावलेला असतो. प्रत्येक पाळीला नोंदणीकृत परिचारिका, परवानाधारक परिचारिका आणि सहायक यांचे तास किती आणि इमारतीत निवासी किती, हे रोज लावणे संस्थेवर बंधनकारक आहे. न्यू जर्सीत २०२० साली झालेल्या कायद्याप्रमाणे दिवसा आठ निवासींमागे एक सहायक, संध्याकाळी दहांमागे एक आणि रात्री चौदांमागे एक कर्मचारी असावा लागतो. कागदावरचे आकडे पाहावेत, मग व्हरांड्यातून एक फेरी मारून माणसे मोजावीत. केंद्र सरकारने २०२४ मध्ये देशभरासाठी किमान मनुष्यबळाचा नियम जाहीर केला होता, परंतु २०२५ मध्ये टेक्सासच्या संघीय न्यायालयाने तो रद्द ठरवला. त्यामुळे आपल्यासाठी राज्याचाच कायदा महत्त्वाचा आहे.

मी स्वतः खोलीत शिरल्यावर पहिल्यांदा दोन वस्तू पाहत असे, पाण्याचा तांब्या आणि घंटीची दोरी. एका आजोबांच्या खोलीत पाण्याचे भांडे ताजे भरलेले, वर बर्फ तरंगत असलेला, पण ते खिडकीजवळच्या टेबलावर होते आणि आजोबा पलंगावर, उजवी बाजू लुळी पडलेले. घंटीचे बटण त्यांच्या उजव्या हाताशी चादरीला नीट चिमटा लावून अडकवलेले होते. कागदावर सर्व काही पूर्ण झालेले होते, पाणीही भरलेले आणि घंटीही हाताशी. मी चिमटा काढून डाव्या बाजूला लावला, तेव्हा त्यांनी ते बटण मुठीत धरले आणि मी तिथे होतो तोवर सोडले नाही. त्या इमारतीला तेव्हा चार तारे होते.

घंटी वाजल्यावर किती वेळाने कोणी येते, हे घड्याळ लावून पाहा. मागच्या तीन वर्षांचे तपासणी अहवाल कोणीही मागितल्यास दाखवणे संस्थेला भाग आहे, आणि ताजा अहवाल तर न मागता हाती लागेल अशा जागी ठेवावा लागतो. तो कुठे ठेवला आहे असे स्वागतकक्षात सहज विचारावे. उत्तर देणाऱ्याचा चेहरा आणि ती फाईल सापडायला लागणारा वेळ या दोहोंमधून बरेच कळते. छापील अहवालात डाव्या रकान्यात त्रुटी आणि उजव्या रकान्यात संस्थेने दिलेला सुधारणेचा आराखडा असतो. उजवा रकाना मन लावून वाचावा. ‘कर्मचाऱ्यांना पुन्हा प्रशिक्षण दिले’ एवढेच वाक्य सगळीकडे असेल, तर मला ते पुरेसे वाटत नाही. कोणती व्यक्ती, किती दिवसांनी, काय पाहणार हे लिहिले असेल तर तिथे कोणीतरी विचार केला आहे.

शेवटी सह्यांविषयी, कारण घाईत नेमके हेच निसटते. सासूबाईंच्या खर्चाची वैयक्तिक हमी तुम्ही किंवा तुमच्या यजमानांनी द्यावी, अशी अट प्रवेशासाठी घालता येत नाही. त्यांच्याच पैशांतून त्यांच्या वतीने बिल भरणे वेगळे आणि स्वतः जामीन राहणे वेगळे. तसेच वाद झाल्यास न्यायालयात न जाता लवादाकडे जाऊ, असा करार प्रवेशाच्या कागदांत असतो. त्यावर सही करणे ही प्रवेशाची अट असू शकत नाही, आणि केलीच असेल तर ३० दिवसांच्या आत मागे घेता येते. घरच्या माणसांना भेटीच्या वेळेचे बंधन नसते, हेही ध्यानात असू द्यावे.

निळी_छत्री

माझे अनुभवकथन थोडक्यात. आम्ही वडिलांसाठी केवळ ताऱ्यांवर विसंबून ठिकाण निवडले होते. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण आता त्याचा उपयोग नाही. प्रवेशानंतर सहा आठवड्यांनी त्यांच्या टाचेवर रुपयाएवढा काळा डाग दिसला. मोजे काढल्याशिवाय तो दिसण्यासारखा नव्हता, आणि आम्ही रोज भेटायला जात असूनही मोजे काढून पाहणे आमच्या मनात आले नाही. मी राज्याच्या आरोग्य खात्याकडे तक्रार केली. त्यावर तपासनीस आले, त्यांनी इतर तीन निवासींच्याही टाचा पाहिल्या आणि त्रुटी नोंदवली. तक्रारीवरून होणारी तपासणी वार्षिक तपासणीची वाट पाहत नाही, आणि तिच्यात सापडलेल्या त्रुटीही ताऱ्यांच्या हिशोबात धरल्या जातात, हे मला तेव्हा कळले.

शेवंती, तुमच्या सासूबाईंना जिथे ठेवाल तिथे पहिल्याच दिवशी परिचारिकेबरोबर उभे राहून त्यांची पाठ, माकडहाड आणि दोन्ही टाचा पाहून घ्या आणि त्या नोंदीची प्रत मागा. मला हे कोणी सांगितले असते तर फार बरे झाले असते.

पुणे_३०

मी पुण्यातून लिहितो आहे. विषय तिकडचा असला तरी एका कारणाने लिहावेसे वाटले. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटले की प्रसूतीचे किंवा शस्त्रक्रियेचे छोटे खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते, त्यामुळे तुमच्या नातेवाइकांच्या बोलण्यात कदाचित शब्दाचाही घोटाळा होत असेल. महाराष्ट्रात अशा रुग्णालयांसाठी १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. २०२१ मध्ये त्याच्या नियमांत सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. वृद्धांसाठी २००७ चा ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायदा आहे, आणि त्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. पण माझ्या आईसारख्या, पैसे भरून खासगी सेवाकेंद्रात राहणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस किती वेळा बदलली याची तपासणी कोणी केली आणि त्याचा लेखी अहवाल कुठे आहे, असे मी तीन केंद्रांत विचारले. नोंदणीचे प्रमाणपत्र सर्वांनी दाखवले. असा अहवाल मला कोणीही दाखवला नाही.

म्हणून मी एक दोनशे पानी वही आईच्या उशाशी ठेवली. त्यात आया आणि परिचारिका यांनी वेळ घालून लिहायचे: पाणी किती प्यायले, कोणत्या कुशीवर निजवले, अंग कधी पुसले. सुरुवातीला त्यांना तो अविश्वास वाटला. मी त्यांना सांगितले की आईला बोलता येत नाही, म्हणून तिच्या वतीने वही बोलणार आहे. आता रात्रपाळीच्या मावशी स्वतःहून ‘आज खोकला जास्त होता’ असेही लिहितात. तुमच्याकडे जे लांबलचक अहवाल गोंधळात टाकतात, त्यांच्यासारखे चार पानांचे काही आम्हाला मिळाले, तर आम्ही ते तोंडपाठ करू. तुमच्या हाती ते आहेत, तेव्हा त्यांतले शब्द आणि क्रमांक घेऊन निःसंकोचपणे संस्थेला प्रश्न विचारा. आणि ‘टाकले’ म्हणणाऱ्यांना काय सांगावे ते मलाही अजून जमलेले नाही, पण माझ्या आईच्या अंगावर तीन वर्षांत एकही जखम झालेली नाही, एवढे मी त्यांना सांगतो.

जुनी_परिचारिका

निळी छत्री यांनी टाचांविषयी लिहिले ते अगदी बरोबर आहे. पहिल्या दिवशीची त्वचेची नोंद हा पुढच्या सर्व प्रश्नांचा आधार असतो.

शाकाहार आणि भाषा यांविषयी लिहायचे राहिले होते. आहाराच्या नियमांत निवासींच्या धार्मिक आणि सांस्कृतिक गरजा जेवणात दिसाव्यात असे म्हटले आहे, आणि स्वतःच्या प्रकृतीची माहिती समजेल अशा भाषेत मिळणे हा निवासींचा हक्क आहे. व्यवहारात मात्र शाकाहाराच्या नावाखाली रोज चीज सँडविच येते. दुभाषाची सोय दूरध्वनीवर असते, आणि डॉक्टर आल्यावर ती वापरतात, पण रात्री दोनला लघवीला जायचे असेल तेव्हा कोणी वापरत नाही. कित्येक पडझडी नेमक्या तेव्हाच होतात. माणूस सांगू शकत नाही, थांबूही शकत नाही, मग एकटा उठतो. प्रवेशानंतर ४८ तासांत प्राथमिक काळजी-आराखडा तयार करावा लागतो आणि त्याचा सारांश घरच्यांना मिळतो. त्यात ‘मराठी भाषा, रात्री ठरावीक वेळी शौचालयाला नेणे, मांस-मासे-अंडी नाही’ हे शब्द लिहून घ्या. आराखड्यात लिहिलेली गोष्ट झाली नाही तर ती नियमभंग ठरते. तोंडी सांगितलेल्या गोष्टीला तो आधार नसतो.

सहायकांविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. केंद्राच्या नियमाप्रमाणे किमान ७५ तासांचे आणि आपल्या राज्यात ९० तासांचे प्रशिक्षण घेऊन या मुली कामाला लागतात. त्यांतल्या कित्येक दोन ठिकाणी पाळ्या करतात. सासूबाईंच्या अंगाला दिवसभरात सर्वाधिक हात त्यांचेच लागणार आहेत. त्यांना नावाने हाक मारा आणि चांगले काम दिसले तर वरिष्ठांना लेखी कळवा. तक्रारीची वही सगळ्यांकडे असते, आणि चांगले लिहिणारे फार थोडे असतात.

शेवंती

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी पावणेसातला आम्ही दोघे दोन्ही ठिकाणी न कळवता गेलो. पहिल्या ठिकाणी दर्शनी भागातला मनुष्यबळाचा कागद परवाच्या तारखेचा होता. अहवालाची फाईल मागितली तेव्हा ती व्यवस्थापकांच्या खोलीत कुलुपात असून सकाळी मिळेल असे उत्तर आले. व्हरांड्यात दोन खोल्यांवरचे घंटीचे दिवे लागलेले होते. त्यातला एक १७ मिनिटांनी विझला, दुसरा आम्ही निघालो तेव्हाही चालू होता.

दुसऱ्या ठिकाणी फाईल दाराशीच टेबलावर साखळीने बांधलेली होती. इमारत जुनी आहे आणि भिंतींचा रंग उडालेला आहे. अकरा त्रुटींपैकी तीन स्वयंपाकघराच्या होत्या, शीतकपाटातल्या डब्यांवर तारीख नसणे वगैरे. सुधारणेच्या रकान्यात रोज कोण पाहणार ते हुद्द्यासह लिहिले होते. संध्याकाळच्या पाळीच्या परिचारिकेला मी त्या ‘ई’विषयी विचारले, तेव्हा त्यांनी अंगावर न येता, काय चुकले होते आणि आता काय बदलले आहे ते उभ्या उभ्या सांगितले. घंटीचा दिवा चार मिनिटांत विझला. आम्ही हेच ठिकाण पहिल्या पसंतीचे म्हणून कळवले आणि आज दुपारी तिथून जागा असल्याचा निरोप आला. लवादाच्या कागदावर सही केली नाही, आणि कोणी आग्रहही धरला नाही.

उद्या सकाळी सासूबाईंना हलवणार आहेत. पलंगाच्या वर लावण्यासाठी मी मोठ्या अक्षरांत एक तक्ता करते आहे. मराठी शब्द, त्याचा उच्चार इंग्रजी अक्षरांत आणि पुढे अर्थ, असे त्यात असेल. आतापर्यंत पाणी, लघवी, दुखतंय, थंडी, औषध, नको, झोप, मुलगा एवढे शब्द झाले आहेत. आणखी कोणते घालावेत?

जुनी_परिचारिका

‘चक्कर’ आणि ‘हळू’ हे दोन नक्की घाला. व्यायाम करून घेणारे लोक उभे करताना पहिल्या दिवशी घाई करतात आणि आपली माणसे ‘हळू, हळू’ म्हणत राहतात, ते त्यांना कळत नाही. तक्त्याची एक प्रत व्यायामशाळेत द्या आणि एक संध्याकाळच्या पाळीच्या सहायकांकडे. शिवाय सासूबाईंना घरात ज्या नावाने हाक मारतात ते नाव सगळ्यांत वर लिहा.

शेवंती

लिहिले. त्यांना घरात सगळे ‘माई’ म्हणतात. उद्या दुपारी टाचा आणि पाठ पाहून नोंदीची प्रत घेतली की इथे कळवते.